कप्तानाच्या खिडक्या

थेंब बरोबर नाकाच्या शेंड्यावर पडला.

"पडला," बायको म्हणाली. डोळे तिने उघडलेसुद्धा नाहीत.

"कुठं?"

"नाकावर."

"काल कपाळावर होता ना?" कप्तान ताडकन उठला. "म्हणजे सरकलाय! पुढच्या खिडकीचा नाही हा, मधल्या खिडकीचा आहे. सापडला लेकाचा!"

"अहो, तो नाही सरकला. मी सरकले. कालची जागा अजून ओली आहे."

कप्तान परत खाली बसला. बायको पडल्या पडल्या खोकली, तशी तिच्या अंगावरची छत्री हलली आणि छत्रीवर साठलेलं पाणी ओघळून पायथ्याला गेलं. हो, छत्रीच. घरात छत्री उघडून झोपणारं माणूस साऱ्या धक्क्यावर ते एकच होतं. छत्री छाती सांभाळायला होती, त्यामुळे नाक बाहेर राहायचं. दांडा कप्तानाने फडताळाच्या कडीला सुतळीने बांधला होता आणि बांधून झाल्यावर म्हणाला होता, "बघ, कशी सोय केली!" त्यावर बायको काही बोलली नव्हती. तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे त्याला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं.

आता हा कप्तान म्हणजे काही खराखुरा कप्तान नव्हे. धक्क्यावरच्या टवाळांनी दिलेलं नाव ते. ही शिडाची बोट त्याने घेतली त्या दिवसापासून ती धक्क्याला बांधलेली होती आणि बांधलेलीच राहणार होती. शीड पिशवीत, पिशवी पलंगाखाली आणि पलंगावर बायको, अशी एकूण व्यवस्था. त्याचा जन्म गेला लिफ्ट दुरुस्त करण्यात. लोकांना वर न्यायचं, लोकांना खाली आणायचं, आणि स्वतः मात्र त्या अंधाऱ्या भुयारात लोंबकळत ग्रीस पुसत बसायचं. लिफ्टच्या भुयाराला खिडकी नसते. निवृत्त झाल्यावर एकदा धक्क्यावर फिरायला आला आणि ही जुनी बोट दिसली. दोन्ही अंगांना तीन-तीन, अशा सहा खिडक्या. लांबट, धुरकट, कडेला काळ्या पडलेल्या. पण खिडक्या! गडी तिथंच विरघळला. राहता फ्लॅट मुलगी-जावयाला दिला आणि बायकोला घेऊन बोटीत आला.

बायको का आली? तिला धक्क्यावरच्या बायकांनीही विचारलं होतं. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मागितलं हो त्यांनी," ती म्हणाली होती. "मला वाटलं सायकल मागतील."

ती स्वतः इस्पितळाच्या धुलाईघरात मुख्य होती. चादर वाळली की नाही हे ती हाताने नाही, गालाने ओळखायची. चादर गालाला लावायची आणि सांगायची, "हिला अजून ऊन पाहिजे." ओल्या चादरीशी तिचं हाडवैर. आणि नशीब असं की, म्हातारपणी नवऱ्याने आणून ठेवली ती ओल्या चादरीतच.

खिडक्या गळतात हे पहिल्याच पावसात कळलं होतं. कप्तानाने मोबाईलवरच्या व्हिडिओत एक दाढीवाला माणूस शोधून काढला. हा दाढीवाला बोटीच्या खिडक्या हसत हसत दुरुस्त करायचा. त्याच्या बोटीत पाऊसच पडत नसावा. त्याचं बघून कप्तानाने चिकट्याची नळी आणली आणि जिथं थेंब दिसेल तिथं आतून फासायला सुरुवात केली. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून यायचं. पाण्याला घाई नसते आणि कप्तानाला दम नसतो, तेव्हा जिंकणार कोण हे उघड होतं. खिडक्यांच्या कडा शेवटी अशा दिसायला लागल्या, जसं काही लहान पोराने दात घासता घासता भिंत रंगवली. गळणं तसंच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथं ते आत येत होतं एवढाच फरक.

तिथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग बायकोला खोकला लागला आणि तो जाईचना.

डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. "राहता कुठं?"

"बोटीत," कप्तान म्हणाला.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "म्हणजे बोटीवर कामाला आहात?"

"नाही. राहतो."

"यांनाही तिथंच ठेवलंय? जबरदस्तीने?"

"नाही हो," बायको म्हणाली, "लग्न झालंय आमचं."

डॉक्टर हसले नाहीत. ओल नको, थंड वारा नको, कोरडी उबदार जागा पाहिजे, नाहीतर हा खोकला छातीत घर करेल आणि या वयात मग तो उठत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. बाहेर आल्यावर कप्तान औषधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. बायको म्हणाली, "द्या इकडं, बाटली फुटेल."

मुलीला कोणी सांगितलं कोण जाणे. तिचा फोन आला तेव्हा तो इतक्या जोरात वाजला की शेजारच्या बोटीतला बँडवाला बाहेर आला. हा बँडवाला पूर्वी मोठ्या बँडमध्ये पितळी तुतारी वाजवायचा. आता एकटाच राहायचा. तुतारी सुटली होती, पण फुप्फुसं तशीच होती, त्यामुळे त्याने कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या काठावर ऐकू जायचं.

"बाबा, मी रविवारी येते," मुलगी म्हणाली. "बोट कोरडी असेल तर आई राहील. गादीवर एक थेंब जरी दिसला तरी मी तिला घेऊन जाणार. मग तुम्ही आणि तुमच्या खिडक्या."

"अगं, पण..."

"आणि बाबा, छत्रीचं मला कळलंय."

फोन ठेवल्यावर कप्तानाने बायकोकडे बघितलं. ती चादरीची घडी घालत होती. "तू जाशील?" त्याने विचारलं.

"मला विचारतंय कोण? मुलगी विचारत नाही, छाती विचारत नाही." मग घडीवर हात फिरवत ती म्हणाली, "त्यांचा हॉल आहे ना, तिथं टीव्हीखाली झोपवतील मला. स्वतःच्याच घरात पाहुणी. पोरं कार्टून बघणार आणि मी खोकणार. करा काहीतरी."

एवढं लांबलचक ती मनातलं क्वचित बोलायची. कप्तान तसाच चपला घालून निघाला. घाईत एक चप्पल तिची होती.

धक्क्याच्या तोंडाशी बोटीच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदाराने कप्तानाची सगळी कैफियत ऐकून घेतली आणि फासलेल्या नळीचं ऐकून कपाळाला हात लावला.

"आतून फासलं? अहो, पाणी बाहेरून येतं. घराला कुलूप लावायचं ते स्वतः आत अडकून लावलंत तुम्ही. ऐका आता. सगळ्या काचा काढायच्या. जुनं सगळं खरवडायचं. काच, चौकट, स्क्रूची भोकं, सगळं लख्ख. मग फटीत हा चिकट मसाला भरायचा, जाड. काच बसवायची आणि स्क्रू नुसते टेकवायचे. आवळायचे नाहीत. मसाला रबरासारखा झाला की मग आवळायचे. आधी आवळलंत तर सगळा मसाला बाहेर येईल आणि मध्ये राहील भोपळा. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"आवळायचं नाही."

"याच्या आधी एक जण असंच 'कळलं' म्हणून गेला. त्याची बोट आता तळाला आहे."

"खिडक्यांमुळं?" कप्तानाने विचारलं.

"नाही, ती दुसऱ्या कारणानं बुडाली. पण खिडक्याही गळत होत्या."

दुसऱ्या दिवशी नशिबाने कडक ऊन होतं. कप्तानाने बायकोला शालीत गुंडाळून बाहेर उन्हात बसवलं आणि सहाच्या सहा काचा काढल्या. बोटीचे डोळेच काढल्यासारखं दिसायला लागलं. खरवडायला बसला तेव्हा एकाखाली एक थर निघायला लागले. प्रत्येक मालकाने आपापल्या अकलेप्रमाणे भर घातली होती. वर कप्तानाचा पांढरा चिकटा, त्याखाली कोणाचं तरी डांबर, त्याखाली पिवळी लांबी, आणि सगळ्यात तळाशी, एका कोपऱ्यात, दातांचे ठसे असलेलं च्युइंगम.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, "माझ्यापेक्षा मोठे महाभाग होऊन गेलेत."

"मोठे कसले? ते बोट विकून सुटले."

एवढ्यात एक समुद्रपक्षी उघड्या खिडकीतून आत शिरला, गादीवर फेरी मारली, जे करायचं ते केलं आणि दुसऱ्या खिडकीतून निघून गेला. चादर पुन्हा धुवावी लागली. त्या गडबडीत कप्तानाच्या साबणाच्या हातातून एक काच सटकली, काठावर एकदा आपटली आणि डुबुक करून पाण्यात गेली.

ओहोटी होती. पाणी कमरेएवढं आणि त्याखाली चिखल गुडघाभर. कप्तान क्षणाचाही विचार न करता उतरला. धक्क्यावर बघ्यांची रांग लागली. अशा वेळी माणसं कुठून येतात देव जाणे. एक जण म्हणाला डावीकडं बघा, एक जण म्हणाला हलू नका, आणि एकाने विचारलं, मासा केवढा आहे. बँडवाला धावत जाऊन दोरीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन आला.

"अहो, काच आहे ती! प्लास्टिकची!" कप्तान ओरडला.

"प्रयत्न करायला काय जातंय?" बँडवाल्याने चुंबक सोडलं. एक गंजका चमचा वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कप्तान चिखलात पाय फिरवत राहिला. टाळ्या त्याला ऐकू येत नव्हत्या. त्याला वरून फक्त खोकला ऐकू येत होता. खोकला थांबला की कप्तान थांबायचा, वर बघायचा, पुन्हा सुरू झाला की पुन्हा पाय फिरवायचा. शेवटी अंगठ्याला काहीतरी सपाट लागलं. डोकं बुडवून काच काढली. वर आला तेव्हा चिखलातून नुसते दोन डोळे दिसत होते.

"आंघोळ करून घ्या," बायको म्हणाली. "आणि पुन्हा असं उतरलात तर बघा. तुम्हालाही खोकला लागला तर छत्री एकच आहे."

संध्याकाळपर्यंत मसाला भरला, काचा बसल्या, स्क्रू टेकले. कप्तानाने पेचकस खाली ठेवला. आणि मग खरी परीक्षा सुरू झाली.

लिफ्टच्या धंद्यात एकच धर्म. ढिला स्क्रू म्हणजे माणूस खाली. उमेदवारीत उस्तादाने पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं, की घट्ट झाल्यावरही एकदा घट्ट करायचं. हयातभर त्या हातांनी एकही स्क्रू ढिला सोडला नव्हता. आणि आता समोर सहा खिडक्या, प्रत्येकीला डझनभर स्क्रू, सगळे मान वर काढून त्याच्याकडे बघत होते. कप्तान चहा प्यायला. उगाच दोरी गुंडाळली. एका खिडकीजवळून गेला, स्क्रूला बोट लावलं. तो हलला.

त्याने पेचकस उचलला.

"एकच," तो स्वतःशी म्हणाला. "जरासा. निम्मा फेरा."

एक आवळला की शेजारचा अधिकच ढिला वाटतो, हे स्क्रूंचं जुनं राजकारण आहे. बायको हातपाय धुऊन येईपर्यंत सहाही खिडक्या अशा आवळल्या होत्या की लिफ्टच्या तपासनिसाने पाठ थोपटावी. मसाला चहूबाजूंनी बाहेर आला होता.

बायकोने ते बघितलं. "काय ही घाण केलीत कडेला!" आणि तिने पदर खोचला, फडकं घेतलं, स्पिरिट घेतलं आणि बाहेर आलेला मसाला कणभरही न ठेवता पुसून काढला. कडा अशा चकाकायला लागल्या की दुकानात मांडाव्यात. दोघं शेजारी उभं राहून आपापली कामगिरी बघत राहिली. नवरा-बायकोचं इतकं एकमत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

गुरुवारी पाऊस आला. आधी थेंब पडायचे, आता धारा लागल्या. सहाही खिडक्या एकदम. कप्तानाने बादल्या लावल्या, पातेली लावली, शेवटी पावडरचा डबा लावला. प्लास्टिकचा कागद घेऊन तो बायकोच्या अंगावर तंबूसारखा धरून उभा राहिला. हात भरून आले तरी खाली घेईना.

"बसा हो," बायको कागदाखालून म्हणाली.

"तू झोप."

"कशी झोपू? तुम्ही वर असे उभे, मला वाटतंय माझा फोटो काढताय." मग खोकली. बराच वेळ खोकली. दम परत आल्यावर म्हणाली, "दुकानदार काय म्हणाला होता?"

कप्तानाने कागदाचं टोक आणखी वर ओढलं.

"आवळू नका म्हणाला होता ना?"

"ढिले होते गं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "सगळे ढिले होते. मला बघवेना."

बायकोने कागदाखालून कडांकडे बघितलं. "आणि मी पुसून काढला," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही गळा दाबला आणि मी तेरावं उरकलं."

कप्तान हसला नाही. त्याने फोन उचलला आणि मुलीला लावला. रविवारऐवजी पुढच्या रविवारी ये, म्हणाला. नाही म्हणाली. बुधवारी? नाही. सोमवारी संध्याकाळी? अगं, एक दिवस. बापाने आजवर काही मागितलंय का तुझ्याकडं? तिकडून मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, मागे खोकतेय ती आईच आहे ना?" कप्तानाने फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि सगळं पहिल्यापासून सुरू. काचा काढल्या, खरवडल्या, पुसल्या, वाळवल्या, मसाला भरला. कप्तान जेवायलाही थांबला नाही. बोटांची सालं निघाली होती. शेवटचा स्क्रू टेकवला आणि त्याने पेचकस बायकोच्या हातात दिला.

"हा कुठंतरी ठेव. मला सांगू नकोस."

बायकोने तो खाली ठेवला आणि त्यावर बसली.

"असं नाही. लपव."

"या बोटीत लपवायला जागा कुठंय? हीच एक जागा अशी आहे की तिथं हात घालायची तुमची हिंमत व्हायची नाही."

खरोखर ती दुपारभर तिथंच बसून राहिली. चहा तिथंच, औषध तिथंच. कप्तान दर थोड्या वेळाने यायचा, "एक बघायचा होता फक्त," म्हणायचा, आणि ती नुसतं बघायची. फडकं तिनेही कप्तानाच्या ताब्यात दिलं होतं. कडेला बाहेर आलेला मसाला बघून तिचे हात शिवशिवत होते. एकदा ती अर्धवट उठली, तेवढ्यात कप्तान पेचकसाकडं झेपावला आणि ती धपकन खाली बसली. दोन कैदी आणि तेच दोघं पहारेकरी, असा तो दिवस गेला.

शनिवारी दुपारी मसाला रबरासारखा झाला. कप्तानाने स्क्रू आवळले, प्रत्येकी थोडेसेच, डोळे मिटून. मग बँडवाल्याला पाण्याची नळी घेऊन बाहेर उभं केलं. बायको आत, हातात कोरडी चादर घेऊन खिडक्यांखाली.

"सोडा!" कप्तान आतून ओरडला.

"सोडू?" साऱ्या बंदराला ऐकू गेलं.

"सोडा म्हणतोय ना!"

"जोरात की हळू?"

"पावसासारखं!"

"कुठल्या पावसासारखं?"

कप्तानाने वैतागून वरची झडप उघडली आणि डोकं बाहेर काढलं, तेव्हाच बँडवाल्याने नळी सोडली. कप्तान तोंडावर आख्खा पाऊस घेऊन खाली आला. पण त्यानंतर एकेका खिडकीवर नळी फिरली, वरून, खालून, कोपऱ्यात, आणि बायको चादर गालाला लावत एका खिडकीखालून दुसरीखाली सरकत गेली. सहावी झाली. तिने चादर पुन्हा एकदा गालाला लावली.

"कोरडी आहे हो," ती म्हणाली. "खडखडीत."

कप्तानाने सहाव्या खिडकीची कड बोटाने चाचपून बघितली. ओल्या सदऱ्यातून पाणी गळत होतं, बोटीत गळत होतं ते तेवढंच. बायको हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली. "उद्या आली की हिला आधी चादर देते," म्हणाली. "म्हणते, घे, लाव गालाला."

त्या दिवशी त्यांनी छत्री मिटली. तिच्या छातीला वारा लागू नये म्हणून झडप घट्ट लावली, दाराची फट फडक्याने बुजवली, आणि चांगली ऊब केली.

रविवारी पहाटे पाऊस झाला. उजेड झाला तेव्हा सहाही काचांवर पाणी होतं. आतून. मोठे, टपोरे थेंब एकमेकांत मिसळत खाली येत होते आणि तिच्या उशीवर पडत होते. कप्तानाने कडेला हात लावला. कड कोरडी. दुसरी बघितली, तीही कोरडी. थेंब मात्र काचेच्या मधोमध. हे काय गौडबंगाल आहे त्याला कळेना. तो एका खिडकीकडून दुसरीकडं पळत होता, सदऱ्याच्या बाहीने पुसत होता, आणि पुसलेल्या काचेवर बघता बघता पुन्हा पाणी धरत होतं.

मुलगी आली तेव्हा तो खिडकीवर दोन्ही तळवे दाबून उभा होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. उशीला हात लावून तिने तोंड फिरवलं. "बाबा," एवढंच म्हणाली.

"कड कोरडी आहे गं. तू हात लावून बघ. ही कड बघ. आत येतंच नाहीये पाणी..."

"बाबा, पुरे."

बायकोने आपली पिशवी स्वतःच भरली. धक्क्यावर बँडवाला टोपी काढून उभा होता, आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलत नव्हता. गाडीत बसताना बायको म्हणाली, "उशी उन्हात टाका. एका अंगाने नको, दोन्ही अंगांनी." कप्तानाने मान हलवली. गाडी वळली तरी तो मान हलवतच होता.

मग पावसाने खरा जोर धरला. दिवसचे दिवस कोसळत होता. कप्तान आडवा पडून काचांकडे बघत राहायचा. पहिल्या दिवशी थेंब नाही. दुसऱ्या दिवशी नाही. त्याने उठून हात फिरवला. काच कोरडी. गादी कोरडी. वर पाऊस नुसता बडवत होता आणि आत ठिपूस नाही! कप्तानाने बंद बोटीत एकट्याने उडी मारली आणि डोकं छताला आपटून घेतलं. वाटलं, बायकोला लगेच फोन करावा आणि सांगावं, ये, आत्ता ये! पण साक्षीदार पाहिजे. मुलगी नुसत्या बापाच्या शब्दावर विश्वास ठेवायची नाही. त्याने बँडवाल्याला हाक मारली.

बँडवाला चिंब भिजून आला. कप्तानाने दार लावलं, चहा टाकला.

"बघा. बघून घ्या. आहे कुठं थेंब?"

"नाही!" बँडवाला गरजला. "शाबास कप्तान! एक थेंब नाही! वहिनींना बोलवा! आपण स्वतः साक्ष देतो!" आणि तो बोलायला लागला. खिडक्यांवर बोलला, बँडवर बोलला, एका लग्नात नवरदेव कसा तुतारीच्या आवाजाने पळाला त्यावर बोलला. चहा उकळत होता. कप्तान हसत होता. हसता हसता त्याचं लक्ष बँडवाल्याच्या डोक्यामागच्या काचेवर गेलं.

काच धुरकट झाली होती. त्या धुक्यात एक थेंब जमला, फुगला, आणि ओघळत खाली आला.

कप्तान उठला. काचेजवळ तोंड नेलं आणि हळूच श्वास सोडला. तिथं नवं धुकं उमटलं.

खिडक्या गळतच नव्हत्या. माणसं गळत होती. एकट्याचा श्वास बोटीला पचत होता, दुसरा आला की काचेवर जमत होता. आता बोट इतकी बंद झाली होती की आतल्या वाफेला बाहेर जायला वाटच नव्हती. झडप उघडी ठेवावी तर थंड वारा थेट तिच्या छातीवर. लावावी तर तिचाच श्वास तिच्या उशीवर. कप्तानाने डोक्यात सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. लिफ्ट अडकली की तो असाच बघायचा, तारेपासून चाकापर्यंत. कुठं ना कुठं वाट निघायचीच. इथं निघेना.

फोन वाजला. तिचा होता.

"पाऊस आहे ना तिकडं?" मागे कार्टूनचा गोंगाट होता. ती आवाज दाबून बोलत होती. "काय म्हणतायत खिडक्या?"

"तुझा खोकला?"

"कमी आहे. कालपासून तर फारच कमी. ते सोडा. कोरडं आहे का सांगा. मी पिशवी सोडलेली नाही अजून. तशीच दाराशी आहे. कोरडं असेल तर जावयांना सांगते, उद्या सोडतील."

बँडवाला खुणेने विचारत होता, मी सांगू का, मी सांगू का? त्याने बोलायला छाती भरून घेतलीसुद्धा. कप्तानाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गळतंय," तो म्हणाला.

"अजून?"

"हो गं. मधली. आणि पुढचीसुद्धा. फार गळतंय."

पलीकडे थोडा वेळ नुसतं कार्टून ऐकू आलं.

"पुन्हा आवळलंत ना?" ती म्हणाली.

"आवळलं."

"वाटलंच मला." मग म्हणाली, "बरं. पिशवी सोडते मग. कपडे चुरगळतात."

फोन ठेवून कप्तानाने बँडवाल्याच्या तोंडावरचा हात काढला. बँडवाल्याने चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि जाताना दार इतकं हळू लावलं की कडीचाही आवाज झाला नाही.

कप्तानाने फडकं घेतलं आणि काच पुसली. मग थोडा वेळ थांबून बघत राहिला. पुसलेली काच पुसलेलीच राहिली.